तिसरा पत्रा

अवो, तुमी गेले त्याले आज चाळीस दिवस झाले, अन् मले अजून धड रडताही नाही आलं. रडायले बसली की उठावं वाटते. उठते, मागच्या टिनाच्या खोलीत जाते, टेबलावरचा पत्रा पाहाते, त्यावर पेपर झाकते अन् परत येते. चहा मांडते, अर्धा तसाच सोडते, पुन्हा जाते. काल दुपारी त सात खेपा झाल्या. शेजारच्या वच्छलाबाईनं कुंपणावरून विचारलं, "काहून वो शोभाबाई, येरझारा घालून राह्यल्या? पाय दुखतीन न." म्हटलं, दुखू दे, त्याइले दुसरा काय धंदा हाये आता.

मित्रा म्हणते, "आई, बाबांवर दोन पानं लिही, मन हलकं होईल." पुण्याले राहून आपली पोरगी अशी पुस्तकासारखी बोलायले लागली. तिचं ऐकून लिहायले बसली. शुद्ध लिहिता येते मले, पण तुमच्यासंगं मी जल्मात कधी शुद्ध बोलली नाही, आता कायले सुरू करू?

चिडली हाये मी तुमच्यावर. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. पण गेलेल्या माणसानं तरी काम असं अर्धं टाकून जावं का? हत्ती गेला अन् शेपूट राह्यलं, अन् ते शेपूट माह्या हातात देऊन तुमी मोकळे.

एका चित्राले तीन पत्रे लागतात, हे सगळ्या केनवड गावाले सांगून सांगून माहं तोंड दुखलं. जो येईन तो विचारायचा, "काकू, सर खोलीत काय करून राह्यले?" मंग मी सांगायची. जस्ताच्या पत्र्यावर मेण चढवायचं. मेणावर सुईनं डोंगर कोरायचा. मंग पत्रा तेजाबात, म्हणजे अ‍ॅसिडात, सोडायचा. जिथं सुईनं मेण निघालं तिथं तेजाब जस्त खाते, बाकी जागी खात नाही. त्या खाल्लेल्या रेघाइत शाई भरायची, वरची पुसायची, ओला कागद ठेवून यंत्रातून काढायचं. एक पत्रा पिवळा, एक निळा, एक काळा. तिन्ही एकाच कागदावर एकावर एक बसले, केसाचाही फरक नाही पडला, तेव्हा कुठं एक डोंगर होते. ऐकणारा मान हलवायचा अन् म्हणायचा, "म्हणजे फोटोच न?" त्याले चहा पाजून मी वाटे लावायची.

पिवळा अन् निळा पत्रा तुमी दिवाळीच्या आगंमागं तेजाबातून काढून ठेवले. काळ्या पत्र्यावर अकरा दिवस सुई चालवली. आखा डोंगर मेणावर उतरवला, पेपरात गुंडाळला अन् म्हटलं, "उद्या तेजाब." तो उद्या काही आला नाही.

आता होळी होऊन गेली. टिनं सकाळी दहालेच तापतात. परवा मी पत्रा उचलला, त अंगठा कोपऱ्यावर टेकला अन् मेणात माह्या अंगठ्याचा ठसा उमटला. एकूण एक रेघ. वरच्या कोपऱ्यात, आभाळात. मेण नरम पडून राह्यलं, म्हणजे अजून आठ-पंधरा दिवस, मंग तुमच्या सुईच्या रेघा आपल्या आपण बुजतीन. फ्रिजमध्ये ठेवू म्हटलं त मेणाले तडे जातात, हे तुमीच सांगतलं होतं. तेजाबात सोडू म्हटलं, त किती मिनिटं सोडू? दूरच्या डोंगराची रेघ नाजूक, तिले थोडीच मिनिटं. जवळच्या खडकाची जाड, तिले जास्त. कोणाले किती, हे तुमच्या डोक्शात, अन् डोक्शं तुमी संगं घेऊन गेले. एक मिनिट चुकलं की अकरा दिवसांचं काम खड्ड्यात. ठेवला तरी जाते, केला तरी जाऊ शकते. चांगली पाचर मारून गेले.

सल्ला देणारे मोप हायेत. मित्रा फोनवर रडते, "आई, प्लीज, तू हात नको लावूस. बाबांच्या हातचं शेवटचं आहे ते." नागपूरच्या एका चित्रं विकणाऱ्या माणसाचा फोन आला. "ताई, जसा हाये तसा पाठवा. अपूर्ण कलाकृती म्हणून काचेत ठेवू." मी विचारलं, काचेत मेण वितळत नाही का? अवो, पत्रा म्हणजे काय चित्र हाये का? छापच नाही काढला त तो टिनाचा तुकडा. पेरून ठेवायचं अन् पाणीच नाही द्यायचं, अशी कोणती शेती असते?

पण खरं सांगू? त्याइले मी मोठ्या तोंडानं बोलते अन् खोलीत गेली की पत्र्यावर पेपर झाकून परत येते. कारण तेजाबाचं काम माहं नाही. कोरायचं अन् तेजाबात सोडायचं तुमी, पुसायचं अन् छापायचं मी. पंचवीस वर्षं तसंच चाललं.

यंत्र आलं तो दिवस आठवते का? नागपूरच्या चित्रशाळेत शिकताना तुमी तसं यंत्र पाह्यलं होतं, अन् डोक्शात भरून घेतलं होतं. वाशीमच्या युसूफभाईच्या लेथवर जाऊन बसले अन् रसवंतीच्या जुन्या रुळाइतून करून घेतलं. युसूफभाई विचारत होता, "सर, इसमें से गन्ना जाएगा के कागज?" टेम्पोतून उतरवताना आखी गल्ली जमली. दुसऱ्या दिवशी दोन पोट्टे गिलास घेऊन दारात उभे, "काकू, रस कधी सुरू होते?" मले एवढी लाज वाटली की मी आतून कडी लावली. अन् तुमी बाहेर त्याइले हसत हसत सांगून राह्यले, "थांबा बावा, हिमालयाचा रस काढतो, थंडगार."

पहिला छाप काढला तेव्हा रुळाखाली घोंगडीचा तुकडा टाकला होता. साऱ्या डोंगरावर घोंगडीची वीण उमटली. तुमी म्हटलं, "बर्फावरून वारा गेल्यासारखं दिसते, राहू दे." मी म्हटलं, "घोंगडीसारखं दिसते." दोन दिवस बोलले नाही माह्यासंगं. मंग मीच कपाट उघडलं अन् तुमाले सत्कारात मिळालेल्या शाली काढल्या. चार शाली एकावर एक टाकल्या, अन् छाप असा स्वच्छ आला की तुमी यंत्राभोवती फेरी मारली. त्या दिवसापासून, तुमी शिकवायचे त्या शिरपूरच्या शाळेत कोणी तुमाले शाल पांघरली, की तुमी घरी येऊन म्हणायचे, "घे, यंत्राले पांघरूण आलं."

अन् पुसायचं माह्याकडं आलं ते माह्या हातामुळं. माह्या जुन्या वायलच्या लुगड्याले कांजी करायची, कडक वाळवायचं, त्या फडक्यानं शाई पुसायची, शेवटी तळहातानं. बर्फाले शाई नसते. रेघेतली शाई निघू द्यायची नाही अन् बर्फावर एक कण ठेवायचा नाही, हे तुमाले कधी जमलं नाही. तुमचा बर्फ मळकाच राहायचा. माहा पांढरा फेक पडायचा. तुमी त्या हिमालयातल्या स्पितीच्या डोंगराइत वीस उन्हाळे काढले, पण तिथला बर्फ सारा माह्या या तळहातानं केलेला हाये. अन् कागदाखाली पेन्सिलीनं सही कोणाची? तुमची. एकदा मी म्हटलंही होतं, नाव तुमचं अन् हात माहा. तुमी हसण्यावारी नेलं. मी नव्हती हसली.

मे लागला की तुमी झोला भरायचे. मी खारोड्या, तिखट, शेंगदाण्याचे लाडू बांधून द्यायची. सासूबाई दारात उभ्या राहून दरवर्षी तेच विचारायच्या, "तिकडं विहार हायेत न रे? बुद्धाचे लोक हायेत, त जेवाले घालत असतीन?" तुमी म्हणायचे, "घालतात माय, पण चहात मीठ टाकतात." तिथं वर डोंगरातल्या गावात एका म्हातारीकडं तुमी उतरायचे. तिले तुमी जयभीम शिकवलं होतं. रोज सकाळी ती तुमाले हात जोडून जयभीम घालायची अन् पोटभर हसायची, हे तुमी घरी आल्यावर करून दाखवायचे. मी ते इतक्या वेळा पाह्यलं की मले ती म्हातारी सख्खी मावशी वाटते. मी तिले कधी पाह्यलं नाही.

तेच त सलते. वीस उन्हाळ्यात एकदाही मले नेलं नाही तुमी. आधी मित्रा लहान होती. मंग सासूबाई अंथरुणाले खिळल्या. मंग म्हणे, "तिथं हवा पातळ, तुले दम लागन." मी म्हटलं, टिनाखाली मे महिना काढणाऱ्या बाईले दमाची भीती दाखवता का? तुमी म्हटलं, "पुढच्या वर्षी नक्की." पुढच्या वर्षी डॉक्टरनं तुमालेच चढायची मनाई केली, झालं. दुरून डोंगर साजरे म्हणतात लोक. जवळून दाखवले कोणी मले?

अन् दुसरं भांडण, उलट्या डोंगराचं. तुमी तिथं कागदावर सुलटं काढायचे, इथं पत्र्यावर पाहून तसंच कोरायचे, मंग छापात सारंच उलटं येणार. नदी या अंगाची त्या अंगाले. त्या म्हातारीले तुमी एक छाप नेऊन दिला होता न? तिनं पाह्यला, डोकं खाजवलं, मंग कागद उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला अन् पाठीकडून पाह्यला. तेव्हा तिले तिचं घर सापडलं. ही गोठ तुमी स्वतः सांगायचे, हसून हसून. मी म्हटलं, आतातरी सुलटं येईन असं कोरा. तुमी म्हटलं, "डोंगराले काय फरक पडते?" मी म्हटलं, डोंगराले नसन पडत, तिथं राहणाऱ्याले पडते. तुमी उठून शाई घोटायले गेले. हा तिसरा पत्राही मी नीट पाह्यला. हाही तसाच कोरला, छापात उलटाच येणार. शेवटपर्यंत ऐकलं नाही माणसानं.

आता ते सांगते, जे सांगायचं राह्यलं.

मित्रा तेव्हा दहावीत होती. आज तिचा पोरगा बालवाडीत जाते. चैताचे दिवस होते. एरवी होळीनंतर तुमी तेजाबाले हात लावत नव्हते, उन्हाळ्यात तेजाब पिसाळते म्हणायचे, पण त्या वर्षी घाई होती. पत्रा तेजाबात सोडला अन् दारात हेडमास्तर आले, त्याइच्यासंगं तुमाले फाट्यावर जावं लागलं. जाताना म्हटलं, "अकरा मिनिटं. घड्याळ पाह्य. अकरा झाले की चिमट्यानं उचल अन् पाण्यात टाक. मधात पिसानं बुडबुडे सार." मी हाव म्हटलं. गॅसवर दूध होतं. सहाव्या मिनिटाले मी दूध पाहायले गेली. ते गेलं उतू. सारा ओटा, खालची फरशी, बर्नर. सासूबाई उठायच्या आत पुसावं म्हणून मी पुसत बसली. अन् पत्र्याची आठवण आली तेव्हा खोलीतून तिखट वास यायले लागला होता. घड्याळात पंचवीस मिनिटं होऊन गेली होती.

पत्रा काढला त त्यावर डोंगर नव्हता. रेघेनं रेघ खाल्ली होती. मधात एक खड्डा, बस. मागच्या उन्हाळ्याची तुमची आखी सुट्टी त्यात होती.

तुमी आले तेव्हा मी म्हटलं, "अकराव्या मिनिटालेच काढला. तेजाबच जास्त झालं असन." तुमी पत्रा उजेडात धरला, खूप वेळ. मंग म्हटलं, "असन." तेवढंच. सासूबाईनं विचारलं, दूध कुठं गेलं, त मी मांजरीवर ढकललं. एका सकाळी दोन खोटं. संध्याकाळी तुमी काळा चहा पेले. बिनदुधाच्या चहाले तोंड वाकडं करणारा माणूस, एक शब्द न बोलता पेला. त्यानंतर आठ दिवस घरात तुमी फक्त जेवायपुरते बोलले. अन् पुन्हा कधी मले तेजाबाजवळ उभं नाही केलं. मी आली की म्हणायचे, "सरक, मी पाहातो." मी सरकायची. काही म्हणायले तोंड होतं कुठं मले?

किती वेळा ओठावर आलं. पत्रा पुसताना, कागद भिजवताना, तुमी शेजारीच उभे असायचे. म्हटलं, आज सांगू. मंग वाटायचं, आता एवढ्या वर्षानं कायले उकरायचं. अन् आता उकरून राह्यली, त ऐकणारा नाही.

शेवटच्या महिन्यात तुमी एकदा सुई खाली ठेवली अन् विचारलं, "मिनिटं मोजता येतात न तुले?" मले वाटलं टोमणा हाये. मी फणकारली, "मोजायले काय झालं मले? हात लावू देता का तुमी?" तुमी पुन्हा सुई उचलली. तुमच्या-माह्यातलं तेच शेवटचं वाकडं बोलणं. ते मले रोज सकाळी उठल्याबरोबर आठवते.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजीनं वंदना घेतली, मंग तुमचे विद्यार्थी बोलले. एक आता तलाठी हाये. तो म्हणे, "सरांनी आम्हाला हिमालय दाखवला." मी समोर बसून म्हटलं मनात, मलेच तेवढा राह्यला दाखवायचा. दुसरा म्हणे, "सरांच्या हातात जादू होती." मी माहे हात पदराखाली घेतले. नखात निळी शाई होती, ती कोणत्याच साबणानं जात नाही. सारे बोलून गेले, जेवून गेले. जाता जाता युसूफभाई थांबला. आता त्याले काठी लागते. म्हणे, "भाभी, मशीन को तेल देते रहना. बंद रही तो रोलर जाम हो जाएगा." साऱ्या दिवसात कामाचं बोलणारा तो एकटा. त्याच्यासमोर मले रडू येता येता राह्यलं.

तर असं हाये. उद्या सकाळी, टिनं तापायच्या आत, मी पत्रा तेजाबात सोडणार. मित्राले सांगणार नाही. बिघडला त बिघडला. निदान तुमच्या रेघा आपल्या आपण बुजल्या नाही, माह्या हातून गेल्या, असं होईन. दुसऱ्यांदा.

इथवर काल लिहिलं होतं. आता आजचं सांगते.

पहाटे उठली. अंगण झाडलं. खोलीचं दार, खिडकी, दोन्ही उघडलं. तुमी करायचे तसं पाण्यात तेजाब टाकलं, तेजाबात पाणी नाही. पीस काढलं, चिमटा काढला, घड्याळ समोर ठेवलं. कोणाले किती मिनिटं द्यायची याचा काही हिशेब लागत नव्हता. शेवटी म्हटलं, चार, आठ अन् बारा. काहीतरी धरावं लागते न.

पत्रा उचलला अन् सोडणारच होती, तेवढ्यात तुमचा आवाज कानात आला. आला म्हणजे काय, पंचवीस वर्षं ऐकलेलं. तेजाबाच्या आधी दरवेळी तुमी स्वतःलेच बजावायचे, "आधी पाठ पाह्य." पत्र्याच्या पाठीले खाकी चिकटपट्टी लावलेली असते. ती कुठं उचलली असन, त तेजाब मागून शिरते अन् पत्रा पाठीकडून खाल्ल्या जाते. मी या चाळीस दिवसात तो पत्रा शंभरदा पाह्यला असन, पण वरूनच. पाठ एकदाही पाह्यली नव्हती. पाहायचं काही कारणच नव्हतं. ज्याले तेजाबात सोडायचा हाये, त्यानंच पाहायची असते ती.

कडेले बोटं धरून पत्रा उलटा केला.

पट्टीवर मार्करनं लिहिलं होतं. तुमचं ते फळ्यावरचं गोल गोल अक्षर, जरासं हललेलं.

"दूरचे डोंगर अडीच मिनिटं. काढ, धू, वाळव, त्यावर वॉर्निश लाव. मंग मधले, सात. पुन्हा वॉर्निश. मंग जवळचे खडक, पंधरा. ऊन चढलं असन त थोडं थोडं कमी कर. फेस पाहात राह्य, घड्याळापेक्षा फेस खरा सांगते. अन् दूध आधी उतरवून ये."

मले पहिले हसू आलं. खरंच आलं. मंग चाळीस दिवसांचं सारं एकदम आलं, अन् मी मान मागं टाकून रडली, पत्र्यावर पाणी पडू नये म्हणून. दोन्ही हातात पत्रा, डोळे पुसायले हात नाही, अन् छताकडं तोंड करून ही बाई हंबरडा फोडून राह्यली. वच्छलाबाई कुंपणापाशी येऊन उभी राह्यली अन् परत गेली.

अवो, म्हणजे माहीत होतं तुमाले! त्या दिवशीच माहीत होतं. जळक्या दुधाचा वास घरभर, मी खिडक्या उघडून काय होणार होतं? तो काळा चहा तुमी जाणूनबुजून पेला. अन् मी आपली मांजरीचं नाव घेऊन बसली. एकदा म्हणता नाही आलं तुमाले? मीबी सांगतलं नाही, तुमीबी विचारलं नाही, अन् दोघं एका यंत्राच्या दोन बाजूले उभे राहून एवढी वर्षं डोंगर छापत बसलो. भैताड आपण दोघंही.

अन् "ऊन चढलं असन त" काहून लिहिलं? तुमी त "उद्या" म्हटलं होतं. उद्या थंडीच होती. म्हणजे हे काम माह्याकडं येणार, अन् मी होळीपर्यंत येरझारा घालीन, हेही तुमाले माहीत होतं. त्या दिवशी मिनिटाचं विचारलं तो टोमणा नव्हता. मी कशी तुटून पडली तुमच्यावर. माफ करा मले. त्याचंही, अन् त्या पत्र्याचंही. आता म्हटलं, झालं.

पट्टीवरचं तेजाबात राहीन का पुसलं जाईन, कोण जाणे. म्हणून तीनदा वाचलं, पाठ केलं. मंग कोपऱ्यातला माहा अंगठा झाकायले वॉर्निशचा ब्रश उचलला. वॉर्निश लागलं तिथं तेजाब खात नाही. झाकला नाही, त तोही खाल्ल्या जाईन अन् प्रत्येक छापात तुमच्या आभाळात दिसन. ब्रश थोडा वेळ हातात धरला, अन् ठेवून दिला.

मंग आत गेली. गॅसवर दूध होतं. सवयीनं उठल्याबरोबर ठेवलं होतं, ध्यानातच नव्हतं, अन् कडेनं फुगायले लागलं होतं. उतरवलं. झाकण ठेवलं. बटण दोनदा पाह्यलं.

परत येऊन पत्रा तेजाबात सोडला. आधी काही झालं नाही. मंग दूरच्या डोंगराइच्या रेघाइतून बारीक बारीक बुडबुडे वर आले, एकेक करून सारी ओळ. मी पिसानं सारत राह्यली. खिडकीतून ऊन टेबलाच्या पायापर्यंत आलं होतं. बाहेर कोणीतरी हाक मारली, दुसऱ्यांदा मारली. मी ओ दिली नाही. अडीच मिनिटं झाले, तेव्हा मी तिथंच उभी होती.